उंबऱ्यावरची रेंज

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मी कुणाशी धड बोलत नसे. बोललेच तर खेकसून. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमच्या मोबाईल कंपनीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, दोन टेबलं, यंत्रांसाठी लावलेला एसी आणि त्या एसीच्या उरल्यासुरल्या गारव्यात बसलेली मी. रत्नागिरी आणि आसपासच्या टॉवरांवर कुठल्या बाजूला किती रेडिओ बसवायचे, अँटेनाचं तोंड कुठे वळवायचं, हे बघण्याचं काम माझ्याकडे होतं. एरवी वर्षभर कुणाला माझी आठवण येत नसे. श्रावण सरत आला की सगळ्यांना यायची, कारण चाकरमानी मुंबईहून निघायच्या तयारीत असत आणि दोन हजार चार-पाचच्या सुमाराला जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आलेला होता.

"रेंज फुल दाखवतोय, मग फोन का लागत नाय?" हा प्रश्न मी त्या काळात इतका ऐकला की पुढे पुढे समोरच्याने तोंड उघडायच्या आतच मी चिडायला लागले. अहो, एसटी समोर उभी दिसली म्हणजे आत बसायला जागा आहे असं होतं का? रेंज म्हणजे एसटी दिसणं. फोन लागणं म्हणजे जागा मिळणं. टॉवरवरच्या एका रेडिओवर एका वेळी सातच माणसं बोलू शकत. आठव्याने बटणं कितीही दाबली तरी त्याला 'नेटवर्क बिझी' एवढंच दिसणार. आणि हे रेडिओ काही माझ्या परसात पिकत नव्हते. ते कोल्हापूरहून साहेब पाठवत, आणि एकेक रेडिओ सोडताना त्यांचा आवाज असा पडे, जणू घरातला दागिनाच चालला आहे.

या धंद्यात मी पडले ते एका सेमिनारमुळे. अठ्ठ्याण्णव साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मी बीमफॉर्मिंग हा विषय घेतला होता. तेव्हा आमच्या वर्गात कुणी मोबाईल हातात धरलेलासुद्धा नव्हता. साधी अँटेना म्हणजे खोलीतला बल्ब, सगळीकडे सारखा उजेड. बीमफॉर्मिंग म्हणजे विजेरी, आणि तीही हाताने न फिरवता फिरणारी. पुष्कळ छोट्या अँटेना शेजारी शेजारी ठेवायच्या, प्रत्येकीची लहर किंचित मागेपुढे सोडायची. मग एका दिशेला त्या सगळ्या मिळून जोर धरतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकींना मारून टाकतात. माणूस चालू लागला की झोत त्याच्या मागे चालतो. मी या कल्पनेच्या प्रेमातच पडले होते. फळ्यावर आकृत्या काढताना माझा खडू दोनदा मोडला.

शेवटी सरांनी विचारलं, "माणसं शंभर आणि झोत तीन. तर आधी कुणाकडे वळवणार?"

मी ऐटीत सांगितलं, "ज्याच्याकडे सिग्नल चांगला पोचतो त्याच्याकडे. त्याने एकूण काम सगळ्यात जास्त होतं."

"म्हणजे ज्याचं आधीच बरं चाललंय त्यालाच आणखी," सर म्हणाले आणि वर्ग हसला. मला भयंकर राग आला होता. राग यायचं कारण हे की सरांचं बरोबर होतं.

नोकरी लागली तेव्हा कळलं की आमच्या टॉवरांवर असली हुशार अँटेना स्वप्नातही नाही. आमचा झोत वळवायचा म्हणजे रिगरने पान्हा घेऊन टॉवरवर चढायचं, मी खाली सड्यावर, उघड्या कातळावर, होकायंत्र धरून "अजून डावीकडे! अरे, जास्त झालं!" असं ओरडायचं, आणि बोल्ट आवळला की झोत पुढच्या गणपतीपर्यंत तिथेच. वाटणीचा प्रश्न मात्र तोच राहिला.

सेमिनारच्याच वर्षी आमच्या घरात दादा आणि बाबांचं वाजलं. बाबा शाळेत हेडक्लार्क होते, शिवाय घरची थोडी आंब्याची कलमं. त्यांनी ओळखीपाळखी काढून दादाला लोट्याच्या एका केमिकल कंपनीत चिकटवलं होतं. दादाने शिफ्टा कशाबशा काही महिने केल्या आणि एक दिवस कुणाला न सांगता मुंबई गाठून जहाजावर नाव घातलं. खाडीच्या गावातल्या मुलाने जहाजावर जाणं यात नवल काही नव्हतं. पण बाबांनी त्या नोकरीसाठी चार माणसांपुढे शब्द टाकला होता, आणि ते त्यांना फार लागलं. दादा निरोप घ्यायला आला तेव्हा बाबा पुढच्या अंगणात, खळ्यात, उभे राहून म्हणाले, "मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस."

दुसरा कुणी असता तर सहा महिन्यांनी मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहिला असता. बाबाही ओरडले असते आणि मग पाट मांडला असता. पण दादा बाबांचाच मुलगा. त्याने ते वाक्य शब्दशः धरलं. रजेवर आला की मुंबईत मित्राकडे राही. आई कोकम आणि कुळथाचं पीठ घेऊन तिकडे जाऊन भेटून येई. ती परतली की बाबा त्याच्याबद्दल अवाक्षर विचारत नसत. "प्रवास बरा झाला ना?" एवढंच, पण ते दिवसातून तीनदा. अशी सहा-सात वर्षं गेली. मला दोघांचाही संताप येई, आणि ज्याच्याशी मी त्या दिवशी बोलत असे त्याचा जरा जास्त.

त्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी दादाचा फोन मिरजोळ्याच्या ऑफिसात आला. कुठल्याशा बंदरातून बोलत होता, मागे भोंगे वाजत होते.

"गौरी जेवतात त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुढच्या बंदराला लागतोय," तो म्हणाला. "तिथून मी घरी फोन करतो. त्याच रात्री मला कॅप्टनला सांगायचंय, उतरतो की पुढचं कॉन्ट्रॅक्ट घेतो. मला उतरायचंय गो. पुष्कळ झालं. पण बाबांनी स्वतः बोलावलं तरच. तुझ्या तोंडून नको, आईच्या तोंडून नको."

"आणि नाही बोलले तर?"

"तर घेतो पुढचं. आणि मग परत नाही विचारणार."

मी त्याला जे मनात आलं ते बोलून घेतलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "फोन लागेल ना पण? गणपतीत तुमचं ते बिझीच असतं." घरचा लॅन्डलाईन आषाढात फांदी पडून तुटला होता आणि दुरुस्तीवाले "आज येतो, उद्या येतो" करत होते. उरला आईचा मोबाईल. तो आमच्या घरात भरवशाने फक्त ओटीच्या खिडकीत चाले. घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. खिडकीपासून आत यावं तशी रेंज पडत जाई, आणि माजघरात तर तिचा मागमूस नसे.

मी घरी जाऊन दोघांना सांगितलं. आईने पदराला डोळे पुसले. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "इथं रेंज येते कुठे."

आता वाटणीचं सांगते. आमच्या गावाच्या डोक्यावर, सड्यावर, आमच्या कंपनीचा टॉवर होता. त्याची तीन तोंडं. एक हायवेकडे, एक बाजार आणि वरच्या वाडीकडे, आणि एक खाली खाडीकडे. प्रत्येक तोंडाला दोन-दोन रेडिओ. आमचं घर खालच्या वाडीत, म्हणजे खाडीच्या तोंडात. साहेबांनी गणपतीसाठी त्या टॉवरला एक रेडिओ जास्तीचा दिला आणि "एवढ्यात भागव" म्हणून फोन ठेवला. मी गेल्या वर्षीच्या गणपतीतले आकडे काढले. वरच्या वाडीकडे सगळा दिवस चेंगराचेंगरी. खाडीकडे अर्धा वेळ शुकशुकाट, कारण तिकडे दहा-बारा घरं, खाजण आणि होड्या.

आई म्हणाली, "आपल्याकडे वळव की जरा, एवढा एक दिवस. तुझ्याच हातात आहे ना?"

बाबा आतून म्हणाले, "घरासाठी काही करायचं नाही. मी शाळेत तीस वर्षं काढली, एक खडू घरी आणला नाही."

मला बाबांचा राग आला, तरी मी वागले त्यांच्यासारखीच. जास्तीचा रेडिओ वरच्या वाडीला दिला. एवढंच नाही, खाडीकडच्या दोनातला एक काढून तोही वरच्या वाडीला जोडला. आकडे तसंच सांगत होते. सरांचा तो प्रश्न डोक्यात होता, आणि या वेळी तरी ज्याची ओढाताण चालली आहे त्याच्याकडे झोत वळवल्याचं मला समाधान वाटलं. खाडीकडे एक रेडिओ, सात माणसांची जागा. दहा-बारा घरांना पुष्कळ झाली, असा मी हिशोब केला.

गौरी जेवायच्या दिवशी मी दुपारीच घरी आले. आईने घावनघाटलं केलं होतं आणि कशात मीठ घातलं, कशात नाही, याचा तिला पत्ता नव्हता. मोबाईल सकाळपासून खिडकीत होता, खाली घडी केलेला रुमाल, जसा काही तोही पूजेला मांडला आहे. बाबांची रोजची खुर्ची पडवीच्या दुसऱ्या टोकाला असते. त्या दिवशी ती खिडकीशेजारी होती. त्यांनी इस्त्रीचा सदराही घातला होता. मी नुसती ओटीवरून खळ्यात आणि खळ्यातून ओटीवर करत होते. शेवटी आई करवादली, "बस गो एका जागी, मला भोवळ येते."

दिवस कलायला लागला आणि वरच्या वाडीतून ढोलकी-झांजा ऐकू यायला लागल्या. आमच्या गावात आरत्या घरोघर होतात. संध्याकाळी सगळे पुरुष, पोरं, चाकरमानी मूळ घरी जमतात. तिथली आरती झाली की सगळा घोळका दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. वरची वाडी आटपली की गॅसबत्त्या घेऊन पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरायचं. सगळ्यात शेवटचा मान आमच्या घराचा. मी जन्मल्यापासून हे बघत आले आहे. लहानपणी तर आमच्याकडे आरती यायची वाट बघत मी देवापुढेच झोपून जात असे.

झांजा पाखाडीवर आल्या तेव्हा मी खळ्याच्या कडेला जाऊन वर बघितलं. पाखाडीवरून उतरताना अंधारात मोबाईलचे निळे उजेड दिसत होते, एक, दोन, चार, मग मोजायचं सोडून दिलं. सबंध वरची वाडी आपापल्या खिशातले फोन घेऊन माझ्या एका रेडिओच्या झोतात उतरत होती. मी आकडे बघितले होते ते सगळ्या दिवसाचे. संध्याकाळी गाव कुठे असतं हे बघायला मला आकड्यांची गरजच नव्हती, आणि तेच मी बघितलं नव्हतं. गावात वाढलेल्या मुलीने गावाला घराघरात बसवून हिशोब केला, आणि गाव तर सगळं एकाच खळ्यात येऊन उभं राहणार होतं. माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

घोळका खळ्यात आला. कुणी पुण्याला भावाला फोन लावून आरती ऐकवत होता, कुणी वाशीच्या बायकोला कुलूप नीट लावलंस का विचारत होता. मी माझा मोबाईल काढून ऑफिसातल्या ड्यूटीवरच्या मुलाला लावला, म्हटलं खाडीकडे काहीतरी करता येतं का बघ. 'नेटवर्क बिझी.' परत लावला. बिझी. माझ्याच टॉवरवर मला जागा नव्हती. आईचा फोन खिडकीत गप्प पडून होता. दादाने लावून बघितला की नाही तेही कळायला मार्ग नव्हता. फोन वाजला आणि घेतला नाही तर निदान खूण राहते. आतच येऊ न शकलेल्या फोनची कुठेच काही खूण राहत नाही.

आरती संपली. आता गाऱ्हाणं. आमच्याकडे बाबांचे चुलतभाऊ, आमचे काका, देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात. घरादाराचं, गुराढोरांचं, परगावी असलेल्या मुलांचं देवाला सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. मी पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत काकांपाशी गेले आणि त्यांच्या कानात सांगितलं, दादाचा फोन यायचाय, आणि सगळ्यांनी फोन बंद केल्याशिवाय तो येणार नाही.

"म्हणजे आमच्या टॉवरवालीचाच टॉवर बसला?" काकांनी डोळे मिचकावले. मी त्यांना चावणारच होते. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि वळून हात जोडले.

"बा गणराया, आज ह्या लेकराच्या घरी तुझी सेवा केली, ती मान्य करून घे..."

"होय महाराजा!"

"ह्या घरचा थोरला मुलगा दर्यावर आहे, त्याला सुखरूप ठेव..."

"होय महाराजा!"

"त्याचा आज फोन यायचाय, आणि आपण सगळ्यांनी वाट अडवून ठेवलीय. तर आत्ता, ह्या घटकेला, जो कोण इथं उभा आहे त्याने आपला मोबाईल बंद करावा, आणि बापलेकाची गाठ पडू दे..."

या वेळी 'होय महाराजा' थोडं उशिरा आलं, मध्ये हसण्याची एक लाट गेली. पण आलं. आणि मग एकेक फोन बंद होतानाचे ते निरनिराळे सूर खळ्यात वाजत गेले. वाशीवाल्याने "कुलपाचं उद्या बघू" म्हणून बायकोचा निरोप घेतला. गॅसबत्तीची घरघर तेवढी राहिली. एवढी माणसं आणि इतकी शांतता मी आमच्या खळ्यात कधी अनुभवली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीत फोन वाजला.

आईने झडप घातली. "हां, हां रे, मी बोलते... बरा आहेस ना... थांब, थांब हां." आणि तिने फोन सरळ बाबांच्या हातात दिला. बाबांच्या दुसऱ्या हातात अजून कापूर जळून गेलेलं तबक होतं. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तबक खाली ठेवलं, फोन कानाला लावला आणि खोकले.

"कोण?" ते म्हणाले. जणू काही माहीतच नाही.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी एकदा माणसांकडे बघितलं. चारचौघांत मन मोकळं करणाऱ्यातले ते नव्हेतच. ते वळले आणि फोन कानाशी धरून माजघराकडे चालायला लागले. मी "बाबा, आत नको!" म्हणायच्या आत ते माजघराच्या उंबऱ्याशी पोचले होते. उंबऱ्यावर जरा थांबून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी गणपती तूच आणायचा आहेस. माझी मान धरते आता, मला डोक्यावर घेववत नाही."

आमच्याकडे मूर्ती मूर्तिकाराकडून घरी येते ती डोक्यावरून, आणि ती घरातल्या थोरल्याने आणायची. बाबांना 'ये' म्हणायचं होतं ते त्यांनी असं म्हटलं. मी दाराशीच होते म्हणून मला ऐकू आलं.

मग ते आत गेले. माजघरातून त्यांचा पुटपुटल्यासारखा आवाज येत राहिला. काकांनी सगळ्यांना प्रसाद वाटला, पोरांनी दुसऱ्यांदा हात पुढे केले, तरी आतलं बोलणं संपलं नव्हतं. इतकं सलग बोलताना मी बाबांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ते बाहेर आले. डोळे लाल होते. फोन आईच्या हातात देत म्हणाले, "ठेवला त्याने."

"अहो, मला बोलायचं होतं की! येतोय ना पण?"

"मी सांगितलं सगळं," बाबा म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मी आईच्या हातातून फोन घेतला आणि बघितलं. किती वेळ बोलणं झालं ते त्यावर दिसायचं. मिनिटभरही नव्हतं. त्यातलं निम्मं आईचं. म्हणजे बाबांनी माजघरात जे काही सांगितलं, एवढ्या वर्षांचं साठलेलं, ते त्या चिऱ्याच्या भिंतींनीच ऐकलं होतं. आणि उंबऱ्यावरचं ते एक वाक्य गेलं की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या रात्री बाबांनी घाटलं दोनदा मागून घेतलं. मी त्यांना काही सांगितलं नाही. कसं सांगणार होते?

सोमवारी कोल्हापूरहून साहेबांचा फोन. "तुमचा खाडीचा सेक्टर त्या संध्याकाळी बंद पडला होता का? फुल चाललेला एकदम शून्यावर गेलाय."

"बंद नव्हता सर. गाऱ्हाणं चाललं होतं."

साहेब कोल्हापूरचे. ते एकदम दुसऱ्या टॉवरचं विचारायला लागले.

दादाला मी मेल केला. तो बंदरावर कुठे सायबर कॅफे मिळाला तरच बघत असे. उत्तर आलं नाही. कॅप्टनला सांगायचं होतं ते तर त्याच रात्री. त्याने बाबांचा आवाज ऐकला असेल, "कोण?" एवढाच, आणि मग लाईन कट. सात वर्षांनी बापाला फोन, आणि बाप "कोण?" म्हणून फोन ठेवतो. असं त्याला वाटलं असेल तर? या विचाराने मी दिवसभर टेबलाशी टिकत नसे. जेवताना उठून जाई. रिगर म्हणाला, "मॅडम, गणपती गेले की आता. आता कशाला ओरडता?"

रविवारी घरी गेले की मी ऑफिसातला टेस्ट मोबाईल घेऊन जाई. सिग्नल किती आहे ते तो आकड्यात दाखवतो. तो घेऊन मी ओटीच्या खिडकीपासून माजघराच्या उंबऱ्यापर्यंत चालायची, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बाबांच्या उंचीला धरायची, बाबांच्या डाव्या कानाशी धरावा तसा धरायची. खिडकीत चांगला. ओटीच्या मध्यावर बरा. उंबऱ्यावर कधी असायचा, कधी नसायचा. एकाच जागी उभं राहून नुसतं अंग वळवलं तरी जायचा. मी फोनवर चिडायची, भिंतीवर चिडायची.

बाबांनी एकदा विचारलं, "काय मोजतेस गो सारखी?"

"काही नाही. रेंज."

"त्या दिवशी चांगली होती," ते समाधानाने म्हणाले. त्यांनी माळ्यावरून दादाची खाट खाली काढून धुऊन घेतली होती. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले.

दसरा गेला, दिवाळी गेली. ना फोन, ना मेल. आई आता विचारत नव्हती. बाबाच विचारत. "जहाजाला किती दिवस लागतात यायला?" मी सांगे, "लागतात."

तुळशीच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. पाऊस संपला की आमच्याकडे खळं नव्याने करतात. माती टाकायची, चोपण्याने चोपायची, वरून शेण सारवायचं. त्या रविवारी बाबा सकाळपासून खळ्याला भिडले होते. गडी असूनही स्वतः वाकून सारवत होते, आणि मधूनमधून उभे राहून मान चोळत होते. मी ओटीवर बसून उगीच त्यांच्याशी वाद घालत होते की हे वय आहे का.

दुपारची एसटी वरच्या रस्त्याला थांबून गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पाखाडीवर दादा दिसला. एका खांद्यावर मोठी बॅग, केस पुढून विरळ झालेले. आई आत होती. मी हाक मारायला उठले आणि तशीच उभी राहिले.

तो खळ्याच्या कडेशी येऊन थांबला. पुढे ओलं सारवण, पाऊल टाकायला जागा नाही. बाबा अजून वाकलेले होते. सावली बघून ते कमरेवर हात देऊन हळूहळू सरळ झाले आणि सवयीने त्यांचा दुसरा हात मानेवर गेला.

दादाने बॅग खाली ठेवली नाही.

"बाबा," तो म्हणाला, "मान कशी आहे तुमची?"

बाबांनी शेणाने भरलेले हात सदऱ्याला पुसले. इस्त्रीचा सदरा नव्हता तो, साधा होता.

"धरते अधूनमधून," ते म्हणाले. "तू कडेकडेने ये. मध्ये ओलं आहे."